हलक्या पट्ट्या

काल नातीनं माळ्यावरची बाजाची पेटी उतरवली. भाता उघडताच जुन्या लाकडाचा आणि चपड्याच्या पॉलिशचा वास आला, आणि मी डोंगरकडा गावातल्या आमच्या ओसरीवर जाऊन पोचले.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. आमचे यजमान देवळात भजनाला पेटी वाजवायचे, पण त्या साली खोकल्यानं त्यांच्या बोटांतलं बळच गेलं होतं. हिंगोलीहून करीमचाचा पेटी दुरुस्तीला आले. पट्ट्या काढून ते म्हणाले, "खिळे मागं सरकवले तर पट्टी हलकी होईल. पन भाऊ, मंग जुना दाब परत येनार न्हाई."

"काहून बदलता?" मी आतून बोलले. "तब्येत सुधरून राहिली. राहू द्या तशीच."

यजमान पेटीजवळ सरकले. मग म्हणाले, "बदला, चाचा."

चाचांनी पहिली पट्टी बसवली, तेव्हा यजमानांनी मला बाहेर बोलावलं. "माझा हात कापून राहिला. हिच्या बोटानं बघा."

मी पेटीला कधी हात लावला नव्हता. लाजत पट्टी दाबली आणि म्हटलं, "बराबर हाय." चाचांनी वर न बघता बाकीचे खिळे तसेच सरकवले.

दिवाळीच्या आत यजमान गेले. पुढं बायकांच्या भजनात कितीतरी वर्षं मी ती पेटी वाजवली.

"आजी, किती हलकी आहे गं!" नात म्हणाली.

आजाऱ्याच्या सोयीसाठी हलकी केली, असंच मला तेव्हा वाटलं होतं. पण माझ्या बोटाला बेतलेल्या त्या पट्ट्यांवर यजमानांनी एकदाही बोट ठेवलं नाही.