बिलाखालचं नाव

"कागज को जल्दी नहीं होती," असं मागच्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणून त्या पर्समधून पेन्सिल काढत आणि काउंटरवरच बिलाच्या एकेका ओळीपुढे बारीक टिक करत. रांग चुळबुळायची. मी शेजारी हसऱ्या चेहऱ्याने उभा.

अशा बाईंच्या मागे तुम्हीही कधीतरी उभे राहिला असाल आणि मनातल्या मनात त्यांना चार शब्द ऐकवले असतील. मला तीही सोय नव्हती. मी त्या सुपरमार्केटचा फ्लोअर मॅनेजर होतो. गुरुग्रामला तेव्हा सगळे गुडगावच म्हणत. निम्म्या इमारती अजून उभ्या राहत होत्या आणि गार हवेत ट्रॉली ढकलायला लोक सहकुटुंब आमच्याकडे येत. बिल कुणी वाचत नसे. मशीनमधून छापून आलंय म्हणजे बरोबरच असणार, ही सगळ्यांची श्रद्धा.

बाईंची नव्हती. केंद्र सरकारच्या हिशेब तपासणीत तीस वर्षं काढून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि मागच्याच सोसायटीत एकट्या राहत होत्या. एकदा मी आईशी फोनवर मराठीत बोलताना त्यांनी ऐकलं. "अच्छा, म्हणजे तू आपला!" म्हणाल्या. तेव्हापासून त्या काकू झाल्या. बिल वाचायच्या मात्र थांबल्या नाहीत.

एकदा भर मे महिन्यात, दुपारी, घामाघूम होऊन परत आल्या. साबण दोन घेतले होते, बिलात एकच लागला होता. "हे दुसऱ्या साबणाचे पैसे घे. आणि पाणी दे. उन्हामुळे रिक्षा केली, तिला साबणापेक्षा जास्त गेले." हे सांगताना काय खूश होत्या! आकडा वाचण्यात आपली कधी चूक झाली नाही, हा त्यांचा एकमेव अभिमान.

कॅशियर सुमनशी त्यांचं विशेष जमायचं. सुमन जवळच्याच एका गावातली, घराबाहेर पडून नोकरी करणारी तिच्या घरातली पहिलीच मुलगी. ताऊचा, म्हणजे बापाच्या थोरल्या भावाचा, सक्त विरोध होता. बाप मात्र तिला रोज स्कूटरवरून सोडायला यायचा. काकूंचं टिक करणं संपलं की ती विचारायची, "आंटी, आज पास हूं के मैं?"

"बिल्कुल. फर्स्ट क्लास."

मग दिवाळी आली. तुपाच्या डब्यावर सूट जाहीर झाली आणि फळीवर नव्या दराची पाटी लागली. तो दर मशीनमध्ये फीड करणं माझं काम. पहिल्या दिवशी गर्दीत राहून गेलं. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं, पण कुणी काही विचारत नव्हतं. आळस म्हणा, नाहीतर त्याहून वाईट काहीतरी म्हणा, चार दिवस मशीन जुनाच दर लावत राहिलं आणि मी गप्प बसलो.

पाचव्या दिवशी काकूंनी तूप घेतलं. पेन्सिल थांबली. त्या फळीपर्यंत चालत गेल्या, पाटी वाचून परत आल्या आणि निघून गेल्या. संध्याकाळी सोसायटीतल्या चौघींची बिलं जोडून लेखी तक्रार घेऊन आल्या. विषय, संदर्भ, सोबत, सगळं सरकारी थाटात. आठ दिवसांत उत्तर न आल्यास प्रत ग्राहक मंचाला. आणि जबाबदार व्यक्ती म्हणून पाचही बिलांच्या तळाशी छापलेलं नाव: सुमन.

त्यांच्या ऑफिसात कागदाखाली ज्याचं नाव, तो उत्तर द्यायला बांधलेला. आमच्या दुकानात ते नाव फक्त छापलेलं होतं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

मालक घाबरले आणि घाबरलेल्या माणसाला चोर लगेच सापडतो. "लड़की ऊपर का पैसा खाती है," म्हणाले. दुसऱ्या दिवशी सुमनला काउंटरवरून उठवलं आणि तिच्या बापाला पाच वाजता बोलावून घेतलं. पगार बुडण्याचं सोडा, चोरीचा शिक्का घेऊन गावात गेलेली मुलगी पुन्हा घराबाहेर पडली नसती. ती कोपऱ्यातल्या खोक्यावर बसून एकच सांगत होती, "सर, मन्ने कुछ नहीं किया." मी तिच्याकडे बघत नव्हतो.

साडेचारला काकू उत्तर घ्यायला आल्या. सुमनला पाहिलं. काउंटरवर दुसरी मुलगी पाहिली. मग सावकाश माझ्याकडे आल्या.

"मशीनमध्ये दर कोण भरतं रे?"

मालक दहा पावलांवर उभे होते. मी आवाज खाली आणून म्हणालो, "मी, काकू. माझ्याकडून राहून गेलं. चूक माझी आहे."

सांगून टाकल्यावर मला केवढं हलकं वाटलं! खोटं कशाला सांगू, आता त्या समजून घेतील असंच वाटलं.

"हे मला मराठीत सांगून काय उपयोग?" त्या म्हणाल्या. "तिकडे जा आणि हिंदीत सांग."

मी जागचा हललो नाही. बायको, बाळ, नवी नोकरी, सगळं डोळ्यांपुढे आलं. त्यांनी वाट पाहिली. बाहेर स्कूटर थांबल्याचा आवाज आला. तरीही त्यांनी आणखी थोडी वाट पाहिली.

मग म्हणाल्या, "कागद दे."

काउंटरवर वाकून त्यांनी चार ओळी लिहिल्या आणि कागद स्वतः नेऊन मालकांच्या हातात दिला. सुमनचा बाप हेल्मेट हातात धरून दारातच उभा होता. मालकांनी मोठ्याने वाचलं: फळीवरचा दर वाचण्यात माझी चूक झाली, सर्व बिले बरोबर आहेत, तक्रार मागे घेत आहे.

"देखा? आंटीजी की नज़र का कसूर था!" मालक हसले. जिवावरचं टळल्यावर माणूस हसतो तसे सगळेच हसले. सुमनचा बापही हसला. मीही हसलो. काकू आपली पाच बिलं घडी करून पर्समध्ये ठेवत होत्या. माझ्याकडे न बघता त्या निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच मी तुपाचा दर बदलला. काकू आल्या नाहीत. त्या आठवड्यात नाहीत, नंतरही कधीच नाहीत.

सुमन रोज दाराकडे बघायची. शेवटी एकदा माझ्याजवळ येऊन म्हणाली, "सर, आप तो उनके गाम के हो. आंटी को कहो ना, चश्मा बदलवा लें. मैं बुरा नहीं मानती."

"कह दूंगा," मी म्हणालो.

त्यांचं घर दुकानापासून पाच मिनिटांवर होतं. मी गेलो नाही.