नव्या मावशीची फोडणी

देवगाव फाट्याच्या अलीकडे आमच्या गावची जिल्हा परिषदेची शाळा आहे. तिथं पोरांची खिचडी मी शिजवते. आधी एकटीच शिजवायचे. सरकारी तांदूळ, मूगडाळ, हळद, मीठ, मसाला आणि पाणी सगळं एकदम पातेल्यात घालायचं, वरून मोहरीची फोडणी ओतायची आणि झाकण ठेवायचं. पिवळी, पातळ खिचडी व्हायची. अर्धी पोरं ती खायची, अर्धी लिंबाखाली ओतून यायची. शाळेतली कुत्री चांगली बाळसेदार झाली होती. पण तक्रार कुणी केली नव्हती. म्हणजे खिचडी चांगलीच होती, असं माझं म्हणणं होतं आणि थोडंफार अजूनही आहे.

मग नवे मुख्याध्यापक आले. त्यांना पोरांचं जेवण सुधारायचं होतं. हापशाचं वाया जाणारं पाणी वळवून त्यांनी परसबाग करायला सांगितली. वाफे मी पाडले, शेवगा मी लावला, पालकाला पाणी मी घातलं, शेळ्या मी हाकलल्या. पट वाढला म्हणून स्वयंपाकाला दुसरी बाईही घेतली. ती गंगाखेडकडची, नुकतीच गावात सून म्हणून आलेली. पोरांची मावशी मी होते, ती नवी मावशी झाली.

सरांनी पाळी लावून दिली. एक दिवस फोडणी माझी, एक दिवस तिची. जिची फोडणी नसेल तिनं तांदूळ निवडायचे, भाजी चिरायची आणि पोरांना वाढायचं. वाटणी बरोबर होती, पण त्या वाटणीनंच माझा घात केला. तांदूळ तोच, पातेलं तेच, त्यामुळं चवीतला फरक कुणाच्या हाताचा हे पहिलीतल्या पोरालाही कळायला लागलं.

तिच्या दिवशी लसणाचा वास पार वर्गापर्यंत जायचा. पोरं रांगेत ढकलाढकली करायची, ताटं चाटूनपुसून लख्ख परत यायची. आणि वाढायला कोण? मी. तिच्या खिचडीचा डाव माझ्या हातात, पोरं आणखी मागायची आणि मी वाढत राहायचे. माझ्या दिवशी तीच पोरं दप्तरातून भाकरी काढायची. सकाळीच खिडकीशी येऊन आज फोडणी कुणाची ते विचारून जायची. माझी म्हटलं की त्यांची तोंडं उतरायची. माझ्या समोरच उतरायची, लपवायची अक्कल त्या वयात कुठली असायला.

माझ्या पोटात दुखायचं, हे सरळ सांगते. तिच्या बांगड्यांचा आवाजही मला सोसायचा नाही. ती तेल जास्त ओतत असणार म्हणून मी तेलाच्या पिशवीवर नजर ठेवली. तेल तर तिला माझ्यापेक्षा कमीच लागायचं. घरून वेगळा मसाला आणत असेल म्हणून तिचं सामान बघितलं. त्यात रुमाल आणि पाण्याची बाटली. माझ्याच शेवग्याचा पाला तोडून ती खिचडीत घालायची आणि कौतुक तिचं व्हायचं. तपासणीला साहेब आले, तेही नेमके तिच्या पाळीला. चव घेतली, तिला शाबासकी दिली आणि गेले. वाफ्यांकडं त्यांनी मान वळवूनही बघितलं नाही.

एकदा मी पातेल्यात मसाला टाकत होते, तेव्हा ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "अक्का, तुमी मसाला पाण्यात टाकायलात. लसूण ठेचून मसाला आधी तेलात परता, डाळ-तांदूळ बी त्यातच परता, मंग गरम पाणी घाला."

तिनं हे लपवून ठेवलं असतं तर निदान तिला नावं तरी ठेवता आली असती. तेवढीही सोय तिनं ठेवली नाही. मी हो हो म्हटलं आणि माझ्या पुढच्या पाळीला मुद्दाम मसाला पाण्यातच टाकला.

पुढं ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली. ती निघाली तेव्हा पोरं रडली. मी तिची ओटी भरली आणि मनातून मोकळी झाले. आता रोजची फोडणी माझी होती.

दुसऱ्या दिवशी पातेलं ठेवलं आणि वाटलं, बघायला कुणी नाही, तर करून बघावं. लसूण सालीसकट ठेचला. मसाला तेलात परतला, त्यातच डाळ-तांदूळ परतले, मग गरम पाणी ओतलं आणि शेवटी पाला घातला. वास उठला तसा वर्गातला पाढ्यांचा आवाज ढिला पडला. मला हसू आलं. तिचं काय एवढं, मलाही येतंच की.

त्या दिवशी पातेलं तळापर्यंत खरवडावं लागलं. पोरं पुन्हा पुन्हा रांगेत उभी राहिली. मी कान देऊन होते. मावशी, आज लय भारी झाली, एवढंच कुणीतरी म्हणावं. एवढ्या वर्षांत ते कुणी म्हटलं नव्हतं.

दुसरीतली एक पोरगी ताट घेऊन थेट आत आली. तिनं तांदळाच्या पोत्यांमागं वाकून बघितलं, मग दाराआड बघितलं.

"नवी मावशी कुठंय?"

"माहेरी गेली हाय."

"मंग ही खिचडी कुणी केली?"

"मी."

तिनं ताटाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "न्हाई," ती म्हणाली, "ही तिचीच हाय."

मी तिच्या ताटात आणखी एक डाव वाढला. ताट सांभाळत ती बाहेर गेली आणि रांगेतल्या सगळ्यांना सांगायला लागली की नवी मावशी आली आहे, आत लपून बसली आहे.