मारायचं कुणाला?

भैरूने लोखंडी टामी उगारली तेव्हा ज्योतीराम ट्रकमधून अर्धाच उतरला होता. एक पाय पायरीवर, दुसरा जमिनीवर. पहिला फटका कोपरावर बसला. हाड मोडलेलं भैरूच्या कानाला नाही, हाताला कळायचं. दुसऱ्या फटक्याला दाराची काच फुटून ज्योतीरामच्या तोंडावर सांडली.

"म्या काय केलं ओ मालक? भाडं लागलं म्हणून आलो," लातूरकडचा तो ड्रायव्हर मोडका हात छातीशी धरून ओरडला.

"ह्या गेटातनं भंगार निघतं ते फक्त रणजीतशेठच्या गाडीतनं. जा, तुज्या मालकाला सांग."

चाकणच्या त्या कंपनीत गाड्यांचे पत्र्याचे भाग बनायचे, आणि उरलेल्या पत्र्याचं भंगार रोज ढिगांनी पडायचं. कंपनीखालची जमीन एकेकाळी रणजीतच्या घराण्याची. जमीन गेली, त्या बदल्यात भंगाराचा ठेका घरात आला आणि तो राखायला भैरू आला. तोही त्याच गावठाणातला, पण त्याच्या बापाकडे विकण्याजोगी जमीनच नव्हती. तालमीत कमावलेलं अंग तेवढं होतं. ठेक्यासाठी दुसऱ्या कुणी भाव भरला की भैरू त्याच्या दारात उभा राहायचा. भोसरीच्या एका व्यापाऱ्याला त्याने बायकापोरांसमोर तुडवलं होतं. त्यानंतर कुणी भाव भरायला धजलं नाही. शेठ चारचौघांत म्हणायचा, "भैरू हाय म्हणून मी हाय." ते ऐकून भैरूची छाती फुगायची.

मग कंपनीने भंगाराचा लिलाव ऑनलाइन केला. भाव कोण लावतंय ते कुणालाच दिसेना. ज्योतीरामला आडवा केला त्याच आठवड्यात इंदूरच्या व्यापाऱ्याची गाडी आली. भैरूने तिच्या ड्रायव्हरचे दात पाडले. मग जालन्याची आली. तिचे टायर फाडले, क्लीनरला गटारात लोळवला. पुढची गाडी भलत्याच गावची. भैरूचे हात सुजले, पण गाड्या थांबेनात.

"शेठ, समोर माणूसच येत न्हाई," तो म्हणाला. "मारायचं कुणाला?"

रणजीतने मोबाइलमधून मान वर काढली नाही. "बघू," एवढंच म्हणाला.

भैरूला बघत बसणं जमणारं नव्हतं. कंपनीत भंगाराचं काम पाहणारा सुजित नावाचा अधिकारी पिंपळे गुरवला राहतो, एवढं त्याने शोधून काढलं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्याने सुजितला गाठलं आणि कॉलर धरून खांबावर आदळलं.

"लिलाव बंद कर."

"अहो, माझ्या हातात काही नाही," सुजितच्या नाकातून रक्त गळत होतं. "सगळं सिस्टिमवर चालतं. उद्या मी मेलो तरी लिलाव होणारच."

तो खरं बोलतोय हे भैरूला कळलं, आणि त्यानेच तो जास्त पेटला. त्याने सुजितचंच हेल्मेट उचललं आणि तो निपचित पडेपर्यंत हाणलं. सुजित वाचला, पण त्याचा एक कान कायमचा गेला. खांबावरच्या कॅमेऱ्यात सगळं दिसत होतं. पोलिसांनी भैरूला दुसऱ्या दिवशी उचलला.

भैरू आत असताना रणजीत एकदाही भेटायला आला नाही. जामिनासाठी बायकोने, यशोदाने, धावपळ केली. सुटल्यावर भैरू घरी न जाता थेट शेठच्या ऑफिसात गेला. तिथे आता काचेचं दार होतं, दारावर गणवेशातले दोन गार्ड. आत शेठची पुतणी अपेक्षा कॉम्प्युटरसमोर बसून भाव लावत होती.

"त्याच लिलावात आपण उतरलो, भैरू," रणजीत शांतपणे म्हणाला. "गेल्या महिन्यात भंगार आपल्यालाच लागलं. पोरगी हुशार हाय. मारामारी लागली न्हाई, काय न्हाई."

"आन् मी?"

"तुजं नाव केसमध्ये हाय. तू गेटवर दिसलास तर कंपनी लिलावातनं आपलं नाव काढून टाकंल. तू हिकडं येऊ नको."

भैरूने टेबलावरचा कॉम्प्युटर उचलून भिंतीवर फेकला. उडालेल्या काचेने अपेक्षाचं कपाळ फाटलं. ती किंचाळली तसे गार्ड आत घुसले. एकाला भैरूने दारावर फेकला, दुसऱ्याने मागून त्याचा गळा आवळला. तो खाली पडल्यावर रणजीतने कोपऱ्यातला लोखंडी पाइप घेतला आणि त्याच्या गुडघ्यावर हाणला. एकदा, मग परत, मग परत. तोंडाने शिव्यासुद्धा देत नव्हता.

भैरू ओरडला नाही. शेठलाही मारता येतं, हे तो पहिल्यांदाच बघत होता.

ऑपरेशन होऊन गुडघ्यात सळई बसली. पाय वाकेना. यशोदा वायरिंगच्या कंपनीत शिफ्ट करून घर चालवत होती. एका सकाळी चहा उशिरा आला म्हणून भैरूने कप भिंतीवर फोडला आणि तिच्यावर हात उगारला. तिने चुलीवरचा तापलेला तवा त्याच्या दंडाला टेकवला. कातडी चरचरली.

"आजवर सोसलं," ती म्हणाली, "कारण बाहेर तुमचं वजन होतं. आता घरात मी कमावते. परत हात उठला तर डोक्यात घालीन."

तो खाटेवर बसला. भाजलेला दंड धरून म्हणाला, "मला दुसरं येतंय काय?"

"न्हाई येत. मग शिका. आमच्या कंपनीत मशीन बदललं, मी न्हाई शिकले? रडत रडत शिकले."

तिनेच चौकशी करून त्याला महाळुंग्याच्या एका शेडमध्ये माल उचलायची फोर्कलिफ्ट गाडी चालवायला शिकायला धाडलं. शिकवणारी मिनल त्याच्याहून निम्म्या वयाची. पेडल दाबायला पाय ताठ, आणि लिव्हरला हात भारी. पहिल्याच आठवड्यात त्याने दांडा असा हिसकला की पेट्यांची चळत धाडकन कोसळली. बाकीचे शिकाऊ हसले.

"काका, कुस्ती नाही ही!" मिनल ओरडली. "दोन बोटांनी धरा. उतरा आधी, पेट्या लावा."

भैरूची मूठ वळली. हसणाऱ्यांत पुढे कोण आहे, ते त्याने पाहून ठेवलं. दंडावरचा डाग ठणकत होता. मग तो ताठ पाय ओढत खाली उतरला आणि पहिली पेटी उचलली.

"कुठं ठेवू, म्याडम?" त्याने विचारलं.