वाळलेल्या झाडांपुढचा फलक

माझी रोपवाटिका अर्धापूर रस्त्याला आहे. पिशव्यांत माती भरायच्या मजुरीपासून मी ती उभी केली. त्यामुळे माझ्या रोपाला कुणी नावं ठेवली की माझं डोकं सटकतं.

लातूरकडे विद्यापीठाचं संशोधन वन आहे. तिथं मलबार नीमचा, म्हणजे झटपट वाढणाऱ्या लाकडाच्या झाडाचा, प्रयोग लावायचा होता, त्याची सगळी रोपं मी दिली. भाव पाडून दिला, पण एका अटीवर: रोपं कुठली आहेत तो फलक रस्त्याकडेला लागला पाहिजे. प्रयोगाच्या मॅडम लगेच हो म्हणाल्या. एवढ्या लवकर हो म्हणणाऱ्याशी मी सहसा सौदा करत नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात शेतकऱ्यांना झाडं दाखवायचा कार्यक्रम होता. मुदखेडचं माझं जुनं गिऱ्हाईक मोठी लागवड करणार होतं. त्याला मीच गाडीत घालून नेलं. फाटकातून आत शिरलो तर माझा फलक ठळक अक्षरांत, आणि त्यामागं नुसत्या काड्या.

"शेठ, ही तुमची रोपं व्हय? ह्यापेक्षा आमच्या कापसाच्या पऱ्हाट्या बऱ्या!"

मी तडक मॅडमकडे गेलो. "रोपं उपाशी मारली, अन् वर माझं नाव लावलं?"

"ओरडू नका, मामा. मागच्या तुकड्यांना पाणी आहे, ह्याला मुद्दाम नाही. कोणता तुकडा कोरडा ठेवायचा ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. रस्त्याकडेचा निघाला."

"मग परत टाकायच्या चिठ्ठ्या!"

"मग तो अभ्यास कसला? आणि फलक रस्त्याला लावा, हे कुणी सांगितलं होतं?"

अट माझीच होती, म्हणून मी आवाज आणखी चढवला. तुकडा कोरडा निघाल्यावर निदान एक फोन करायचा होता, हे माझं म्हणणं आजही आहे.

मग गिऱ्हाइकाला हाताला धरून मागं नेलं. तिथं तीच रोपं दोन पुरुष उंच झाली होती, हिरवीगार. त्यानं एका झाडाला कवेत धरून पाहिलं.

"झाड भारी हाय, शेठ. पण माझ्या हिरीला उन्हाळ्यात पाणी कुठं हाय? माझ्या रानात ते पुढच्या काड्यांवानीच दिसंल."

"पहिली दोन वर्षं टँकर लावा. रोपाचा भाव मी बघून घेतो."

"टँकर प्यायला मिळंना, झाडाला कुठून आणू?"

मी भाव आणखी खाली आणला. तो हसला आणि वाटेत त्यानं विचारलं, "कमी पाण्यावर येणारी सीताफळाची रोपं हायत का?"

तेव्हा मी ती ठेवत नव्हतो. त्यानं ती दुसरीकडून घेतली. आता ठेवतो, पण तो काही परत आला नाही.