प्लसला कोण, मायनसला कोण!

इथे आखातात, सीबमध्ये घरी केमिस्ट्रीची ट्यूशन घ्यायला लागले आणि किस्से माळ्यावरच्या डब्यांसारखे साठत गेले. एक काढायला जावं तर चार अंगावर पडतात! निम्मे तर एकाच धड्यातले: व्होल्टेइक सेल आणि इलेक्ट्रोलिटिक सेल.

*

व्होल्टेइक सेल दाखवायचा म्हणून नवऱ्याला म्हटलं, मवालेहच्या मार्केटमधून लिंबं आणा. लिंबात तांब्याची आणि जस्ताची पट्टी खोचली की आतल्या आत रिअ‍ॅक्शन होऊन आपोआप करंट मिळतो. यांनी काय आणावं? इथले लोक रश्श्यात टाकतात ती काळी, वाळलेली लिंबं! रसाचा थेंब नाही. मीटरचा काटा ढिम्म.

"आंबट आहेत ना? मग झालं तर!" वर मलाच ऐकवलं.

*

इलेक्ट्रोलिटिकचं उलटं. तिथे रिअ‍ॅक्शन आपणहून होत नाही, बाहेरून करंट ढकलावा लागतो. आदित्यने विचारलं, "मिस, मोबाईलची बॅटरी कुठली?"

"वापरताना व्होल्टेइक, चार्जिंगला लावली की इलेक्ट्रोलिटिक."

"मग माझी आत्ता इलेक्ट्रोलिटिक करू? दोनच टक्के उरलेत!"

कार्टं उठून प्लग शोधायलासुद्धा लागलं.

*

झोया बारावीची, माबेलाहून यायची. तिचे अब्बा हमीदभाई मूळचे गुहागरचे, इथे वर्कशॉपमध्ये भांड्यांवर चांदी चढवायचे. आता गंमत अशी, की व्होल्टेइकमध्ये अ‍ॅनोड मायनस असतो आणि इलेक्ट्रोलिटिकमध्ये प्लस. झोया पहिलं अर्धंच शिकली आणि शुक्रवारी वर्कशॉपमध्ये जाऊन म्हणाली, "अब्बा, तुमचं राँग आहे! चांदी अ‍ॅनोड आहे, ती मायनसला लावा."

जन्मभर चांदी प्लसला लावणाऱ्या माणसाने मुकाट्याने क्लिपा बदलल्या! अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, घरच्या कॉफीच्या सुरईवर होती नव्हती ती चांदीही उतरली.

"हमीद, मी चढवायला दिली होती!" अर्बाब ओरडला.

"शिकलेली पोरगी बोलली मॅडम, मी कसा नाही म्हणणार?" हमीदभाई मला सांगत होते. चेहऱ्यावर लाज कमी, कौतुकच जास्त!

*

झोया प्री-बोर्डला केमिस्ट्रीत नापास झाली तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. हमीदभाईंना केव्हाच गावी परतायचं होतं, तिच्या बारावीसाठी थांबले होते. "हिला फार्मसीला अ‍ॅडमिशन मिळाली की खलास, मी घरी. नाहीतर अजून एक वर्ष," म्हणाले आणि गुडघा धरत जिना उतरले. फार वाईट वाटलं मला.

*

प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेचं झोयाने मला नंतर सांगितलं. बाहेरून आलेले परीक्षक कडक होते. झोयाला म्हणाले, "दोन्ही सेलमधला फरक सांग. पुस्तकातलं उदाहरण नको, रोजच्या बघण्यातलं दे."

झोयाने बाहेर पाहिलं. खिडकीतून पार्किंग दिसत होतं आणि तिथे अब्बा भर उन्हात तिची वाट बघत उभे होते.

"सर, ते माझे अब्बा, ते व्होल्टेइक," तिने बोट दाखवलं. "मी इलेक्ट्रोलिटिक. मला करंट त्यांचाच."

परीक्षकांनी बाहेर पाहिलं. मग कागदावर मार्क लिहिले.

"जा," ते म्हणाले, "त्यांना आधी सावलीत बसव."