माझगावच्या चिनी भट्टीवर दाजींना आणायला

लढाई संपून वर्ष झालं होतं. आंबवड्याचे एक सद्गृहस्थ मुंबईहून आले, आमच्या ओट्यावर बसले, चहा संपेपर्यंत दम धरला आणि म्हणाले, "तुमचं दाजी जित्तं हायती. माझगावात एका चिनी बाईच्या घरात ऱ्हात्यात." एवढंच बोलून उठले. बातमी अर्धीच आणायची आणि उरलेली लोकांच्या कल्पनेवर सोडायची, ही आमच्या भोर संस्थानातली जुनी कला आहे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. वेल्ह्याच्या डोंगरातले, घराणं कोळसा पाडणारं. लढाईआधी ते रंगूनला भाताच्या गिरणीत कामाला गेले. तिथं बाँब पडले आणि त्यांचा पत्ता लागेनासा झाला. अक्का भोंगवलीला आमच्याकडे राहत होती. तिनं कुंकू पुसलं नव्हतं. बातमी ऐकून ती रडली नाही, लुगडं बदलून बाहेर आली.

"मला त्या बयेचं त्वांड बगायचंय. चल, मास्तर."

मी गावचा शाळामास्तर. मुंबई मी नकाशात पुष्कळदा दाखवली होती, त्यामुळे वाटाड्या मीच.

जाणाऱ्यांसाठी सांगतो. कामथडीपर्यंत बैलगाडीनं जावं, तिथं पुण्याची मोटार मिळते. कात्रजच्या घाटात सगळ्यांना उतरवून चढ चालायला लावतात, भाडं मात्र बसल्याचं घेतात. पुण्याहून आगगाडीत दशम्या मांडीवर ठेवाव्यात, फळीवर ठेवल्या तर दुसऱ्याच्या होतात. भायखळ्याला उतरल्यावर टांगेवाल्यापुढं पत्ता ठाऊक असल्याचं भासवावं. मी भासवलं. त्यानं आम्हांला गोदीभोवती दोनदा फिरवलं.

शेवटी वासानं वाट दाखवली. एका बोळाच्या तोंडाशी भाजलेली बदकं मान खाली घालून टांगली होती, मध लावून चकचकीत केलेली, एखाद्या लग्नातल्या वऱ्हाडापेक्षा नटलेली. आत रांजणाएवढी भट्टी आणि तिच्यापुढं कोपरापर्यंत काळे हात घेऊन दाजी. केस पिकलेले.

अक्काकडं बघून त्यांच्या हातातला चिमटा खाली पडला.

"कुठाय ती?" अक्का म्हणाली.

"कोण?"

"चिनी बाई!"

दाजींनी कोपऱ्यात बोट दाखवलं. तिथं सत्तरीची एक म्हातारी भाजी निवडत होती. लहानपणी बांधून ठेवल्यानं तिची पावलं माझ्या तळहाताएवढीच राहिली होती. तिचा मुलगा गल्ल्यावर होता, सून ताटं मांडत होती. एवढाच त्या बाईचा भयंकर संसार.

"रंगूनचंच हायेत," दाजी म्हणाले. "समदी पळाली, आमी संगतीनं निघालो. तिला चालवत न्हवतं. पोराला हिवताप. मग म्या तिला पाठीवर घ्येतलं. रान संपंस्तवर."

अक्का खाली बसली. मग म्हणाली, "आन मला कळवायचं न्हाई व्हय?"

"आंबवडेकराकडनं निरोप धाडला, की हिला घिऊन या."

आंबवडेकरांनी तेवढंच वगळलं होतं.

"तुमीच का न्हाई आला?"

दाजी पडलेला चिमटा उचलायला वाकले. माझ्याकडं बघितलं नाही, आणि म्हणून मला कळलं. इथं विनोद करता येत नाही. दाजी रंगूनला जाण्याआधी आमच्या चुलतबहिणीच्या लग्नात मी त्यांना भर मांडवात म्हणालो होतो, "दाजी, आधी ती काजळी धुऊन या, मग पंगतीत बसा." लोक हसले होते. माझं बोलणं गावात फार गाजलं होतं. दाजी जेवलेच नाहीत आणि पुढच्याच महिन्यात निघून गेले.

म्हातारीनं आम्हांला गोल टेबलाशी बसवलं. (डुकराचंही असतं, विचारून घ्यावं. मी बदकावर भागवलं. कातडी पापडासारखी कुरकुरीत, आत लोणी.) पहिला तुकडा तिनं दाजींच्या ताटात घातला आणि चक्क वेल्ह्याच्या बोलीत म्हणाली, "जेव की रं, बाबा."

दाजी काळ्या हातांनीच जेवले. कुणी काही म्हणालं नाही.

चार दिवसांनी मी परत निघालो, एकटाच. दाजींना न्यायला आलेली अक्का म्हणाली, "हितं भट्टी सोडून ह्यांनी काय तुझ्या पंगतीला यायचं? मी ऱ्हाते." म्हातारीनं तिला केव्हाच कांद्याची पात चिरायला बसवलं होतं.

भोंगवलीत सगळ्यांनी विचारलं ते बदकाबद्दल. मीही बदकाबद्दलच सांगितलं. ओट्यावर तेच खपतं.

नंतर मी दाजींना माफीचं पत्र लिहिलं. तीन पानी, सुवाच्य, एकही खाडाखोड नाही. पाकिटात घालताना लक्षात आलं की दाजींना वाचता येत नाही आणि अक्कालाही नाही. म्हणजे ते कुणा तिसऱ्याकडून मोठ्यानं वाचून घेणार. मी ते फाडलं. दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा कामथडीला मोटारीची वाट बघत उभा राहिलो.