हरभऱ्याचं विरजण

पिंपळनेरजवळच्या शेतात हरभरा पेरायचा म्हटलं की बियाण्याला जिवाणू चोळायचं काम ताईबाईचंच. दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला खपत नाही. हे जिवाणू मुळांवर गाठी धरतात आणि हवेतलं नत्र पिकाला देतात, हे तिला भाच्याने शिकवलं. भाचा योगेंद्र धुळ्याला एका प्रयोगशाळेत तेच तयार करतो.

पहिल्या वर्षी तिने उकळत्या गुळाच्या पाण्यातच जिवाणूंचं पाकीट ओतलं आणि पुढे रोपं उपटली तर मुळं कोरी. तेव्हापासून ती जिवाणूंना विरजणासारखं जपते. पाणी पुरतं निवलं का ते मनगटावर थेंब टाकून बघते, मगच पाकीट फोडते.

यंदा योगेंद्र भर दुपारी आला. "आत्या, जिवाणूंचं सुधारलेलं द्रावण आणलंय. गूळसुद्धा नको."

"कोठे शे?"

"गाडीच्या डिकीत."

ताईबाई तरातरा गेली आणि तापलेली बाटली काढून पदरात गुंडाळली. "जित्ता शेतस ना त्या? उनमा कसाले ठेवात?"

योगेंद्र ओशाळला. "राहू दे, मेले असतील. दुसरी आणतो."

"आण. पण एक वळ यासनी बी पेरसू."

दीड महिन्याने तिने त्याला बोलावून तापलेल्या बाटलीच्या त्या ओळीतलं रोप उपटलं. मुळांवर मोजक्याच गाठी होत्या. एक नखाने फोडली तर आतून गुलाबी, जिवंत.

"चिवट शेतस रे तुना जिवाणू," ती म्हणाली आणि चिखलाच्या हातानेच तिने त्याच्या गालावरून हात फिरवला.